एकच फोल्डर, दोन दारं

चाळीसगावातल्या आपल्या होस्टेलच्या लिनक्स सर्व्हरवर नोट्स शेअर करायच्या म्हटलं की सगळ्यांचा एकच मंत्र : सीएचमॉड ७७७. वाचा, लिहा, चालवा, सगळं सगळ्यांना! मग सबमिशनच्या आदल्या रात्री कुणीतरी अख्खं फोल्डर उडवतं आणि विंगभर बोंबाबोंब.

यावर माझ्या मते सर्वांत सोपा उपाय बाइंडएफएस. एक फोल्डर ते दुसऱ्या ठिकाणी आरशासारखं दाखवतं, पण मालक आणि परवानग्या मात्र आपण सांगू त्या. कॉपी होत नाही, त्यामुळे डिस्कवर जास्तीची जागा लागत नाही. मूळ फोल्डर ७०० करून तुमच्यापुरतं ठेवा आणि आरशाला फक्त वाचायची मुभा द्या. मूळ फाइल सुधारली की तिकडेही सुधारलेलीच दिसते.

साधा बाइंड माउंटही फोल्डर दुसरीकडे दाखवतो, फार तर रीड-ओन्ली करतो. मालक मात्र तोच राहतो. बाइंडएफएस चालतं फ्यूजवर, जे २००५ साली लिनक्स २.६.१४ मध्ये आलं. प्रत्येक काम कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडून फिरून येतं, म्हणून वेग थोडा कमी. नोट्सना चालतं, डेटाबेस त्यावर ठेवू नये.

लिहायची मुभा ठेवलीत तर एक लक्षात घ्या : आरशातून केलेलं सीएचमॉड मूळ फाइललाच लागतं. ते नाकारायचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. आणि हा बॅकअप नव्हे बरं का! मूळ फाइल गेली की आरशातलीही गेली.

लाइट जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की माउंटही नाहीसा होतो. त्यासाठी एफएसटॅबमध्ये एक ओळ लिहून ठेवा.