श्रेणी बदलली, पण सुधारणा झाली काय?

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. या योजनेतील अंगणवाड्यांत बालकांचे वजन नियमितपणे घेण्यात येते. वयाच्या मानाने वजन पाहून बालकाची सर्वसाधारण, मध्यम कमी वजनाचे किंवा तीव्र कमी वजनाचे अशी श्रेणी ठरते. या श्रेणींना क्रम आहे. परंतु त्यांतील अंतर समान आहे असे गृहीत धरता येत नाही. म्हणून त्यांना गुण देऊन सरासरी काढणे योग्य ठरत नाही. मग वर्षभरात सुधारणा झाली किंवा नाही, हे कसे ठरवावे?

उदाहरणादाखल धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर परिसरात एक अंगणवाडी कल्पावी. एका जूनमध्ये व पुढील जूनमध्येही वजन झालेली तेथील बालके ६० आहेत. पहिल्या वेळी तीन श्रेणींत अनुक्रमे ३०, २२ व ८ बालके होती; दुसऱ्या वेळी ३४, २० व ६. अहवालातील बेरजा सुधारणा दर्शवितात. परंतु याच बेरजा दोन अगदी भिन्न परिस्थितींतून येऊ शकतात.

पहिल्या परिस्थितीत सहा बालके एकेक श्रेणी वर गेली व एकही खाली आले नाही. दुसऱ्या परिस्थितीत अकरा वर गेली. त्यांपैकी एकाने दोन पायऱ्या ओलांडल्या. मात्र त्याच वेळी सहा बालके खाली घसरली. बेरजांच्या रकान्यांत ही सहा बालके दिसत नाहीत.

हा भेद पारखण्यासाठी संख्याशास्त्रात ‘चिन्ह कसोटी’ आहे. प्रत्येक बालकाच्या दोन नोंदी समोरासमोर मांडाव्यात. वर गेलेल्यास अधिक, खाली आलेल्यास उणे चिन्ह द्यावे; श्रेणी न बदललेली बालके बाजूस ठेवावीत. बदल केवळ योगायोगाचा असेल, तर अधिक व उणे यांची शक्यता नाणेफेकीतील छापा-काट्याप्रमाणे समान असते. सहाही चिन्हे एकाच बाजूची येण्याचा योग शंभरात सुमारे ३ वेळा येतो. तेव्हा तो योगायोग मानणे कठीण. सतरा चिन्हांची ११ विरुद्ध ६, किंवा त्याहून अधिक विषम, विभागणी मात्र शंभरात सुमारे ३३ वेळा येते. तेवढ्यावरून सुधारणा सिद्ध होत नाही.

या कसोटीस काही पथ्ये आहेत. दोन्ही वेळी वर्गीकरणाचे मानक एकच असावे. भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या १९७२ च्या वर्गीकरणातील श्रेणींची तुलना जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरील श्रेणींशी करता येत नाही. तुलना शक्यतो त्याच महिन्यात करावी, कारण पावसाळ्यातील आजार व हंगामी टंचाई वजनावर परिणाम करतात. ऊसतोडीसाठी स्थलांतरित झालेल्या कुटुंबांतील बालके दुसऱ्या वजनास नसल्यास त्यांची संख्या वेगळी दाखवावी. त्यांना वगळल्याने चित्र अकारण उजळ दिसू शकते. शिवाय बदल सिद्ध झाला तरी त्याचे कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी तशाच दुसऱ्या गावाशी तुलना हवी.

यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. बालकवार नोंदवही पुरते. ग्रामसभेपुढे बेरजांसोबत किती बालके वर गेली, किती खाली आली व किती आढळली नाहीत, हे तीन आकडे ठेवल्यास घसरलेल्या बालकांच्या घरी वेळीच पोहोचता येईल.