आजारी ७६, प्रतिपिंडं ४३२ जणांत

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदी समुद्राला मिळते, तिथला कामार्ग हा पाणथळ मुलूख. पांढरे घोडे, रोहित पक्षी, भातखाचरं आणि अर्थातच डास. २००० साली उन्हाळा सरता सरता इथल्या घोड्यांचा तोल जाऊ लागला. कुणाचे मागचे पाय लुळे पडले, कुणाला उठताच येईना. ७६ घोडे वेस्ट नाईल तापाने आजारी पडले. त्यातले २१ दगावले.

या तापाचा विषाणू मुळात पक्ष्यांचा. क्युलेक्स जातीचे डास तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतात. घोड्याच्या रक्तात मात्र तो इतका विरळ असतो, की घोड्याला चावून डासाला तो सहसा मिळतच नाही. साथ पसरवण्यात घोड्याचा हात नाही, पण डासांनी कुठे हैदोस घातला हे त्याच्या रक्तावरून कळतं.

बाधा झालेले बहुतेक घोडे आजारी पडतच नाहीत, म्हणून नुसते रुग्ण मोजून भागत नाही. तेव्हा निदान पक्कं झालेल्या प्रत्येक घोड्याभोवतीच्या १० किलोमीटर परिसरातल्या अश्ववर्गीय जनावरांचं रक्त तपासायचं ठरलं. नमुने जमले ५,१०७. त्यातल्या ४३२ जनावरांत, म्हणजे ८.५ टक्क्यांत, आयजीजी प्रतिपिंडं सापडली.

पण आयजीजी दीर्घकाळ टिकतं. लागण यंदाची की जुनी, ते सांगत नाही. आयजीएम हे दुसरं प्रतिपिंड मात्र थोड्याच महिन्यांत ओसरतं. ४३२ पैकी ४२ टक्के जनावरांत तेही होतं, म्हणजे त्यांची लागण ताजी होती. आणखी एक गंमत: मोठ्या कळपांपेक्षा छोट्या गटांतल्या घोड्यांना झळ जास्त बसली होती. मोठ्या कळपात डासांचे चावे वाटले जात असतील, असा तर्क करता येतो.

कामार्गमध्ये अशी साथ १९६०च्या दशकातही येऊन गेली होती. हा विषाणू इथे कायम मुक्कामाला नसतो, मधली बरीच वर्षं शांत जातात आणि मग अचानक साथ उसळते, असं संशोधकांनी या पाहणीवरून मांडलं.

भारतात अशी पाहणी अधिक किचकट. १९५२ मध्येच मुंबईकरांच्या रक्तात वेस्ट नाईलची प्रतिपिंडं आढळली होती. पण त्याचा भाऊबंद जपानी मेंदूज्वरही इथलाच. प्रतिपिंडं शोधणाऱ्या साध्या एलायझा चाचणीत दोघांची गल्लत होते. मग जिवंत विषाणूला रक्तजल कितपत रोखतं, हे पाहणारी वेळखाऊ चाचणी करावी लागते.

वेस्ट नाईलवरच्या लसीने वेगळाच पेच आणला. घोड्यांसाठी ती अमेरिकेत २००१ पासून मिळते, माणसांसाठी अजून नाही. लस टोचलेल्या घोड्यातलं आयजीजी डासाचं की सुईचं, हे ओळखता येत नाही. म्हणून पाहणीसाठी लस न घेतलेले घोडे शोधावे लागतात.