निरपराध पेशींची कैफियत

गर्भाशयाचे अस्तर दरमहा कसे घडते आणि कसे झडून जाते, हे वाचकांस ठाऊकच असल्यामुळे त्याची उजळणी येथे करीत नाही. परंतु हेच मासिक स्थित्यंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत यूरोपातील नामांकित वैद्यांनाही रोग वाटत असे, आणि पाळीच्या उत्तरार्धातील फुगलेल्या, नागमोडी ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या की अस्तराला दाह झाल्याचे निदान बिनदिक्कत लिहिले जाई, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात उरलेली नाही. १९०८ साली व्हिएन्नाच्या हिट्शमान आणि आडलर यांनी तो गैरसमज निकालात काढला. निरोगी शरीरास रोगाच्या आरोपातून सोडविणारे हे दोघे, नवा रोग शोधणाऱ्यांच्या तुलनेत उपेक्षित राहिले, हा मला अन्याय वाटतो.

माझे कुतूहल मात्र अनेक वर्षे एका तिसऱ्याच पुरुषाभोवती घुटमळत आहे. पेरू देशातील लिमा शहरी १९२४ साली जन्मलेल्या हाविएर आरियास-स्तेला यांनी, वयाची तिशी गाठता गाठता, १९५४ साली अमेरिकेतील ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला, आणि कर्करोगाचा संशय यावा अशा विक्राळ पेशी गर्भावरणाच्या ऊतीच्या अस्तित्वामुळेही अस्तरात उद्भवतात व त्या सर्वस्वी निरुपद्रवी असतात, असे सप्रमाण मांडले.

त्या पेशी पाहिल्यावाचून या विधानातील धैर्य ध्यानात येत नाही. क्युरेटिंगमधून, म्हणजे अस्तर खरवडून, निघालेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचा अतिसूक्ष्म काप हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांनी रंगविला, की काचपट्टीवर पेशीकेंद्रे निळसर-जांभळी आणि पेशीद्रव गुलाबी दिसतो. पण येथे केंद्र नेहमीच्या कित्येक पट मोठे, वेडेवाकडे, शाई फासल्यासारखे काळपट झालेले, पेशीद्रव पोकळ्यांनी भरून पांढुरका पडलेला, आणि पेशीचे डोके ग्रंथीच्या पोकळीत पुढे आलेले असते. स्वच्छपेशी कर्करोगही थेट असाच दिसतो. भेद कळतो तो तपशिलाने: निरुपद्रवी बदलात पेशीविभाजन क्वचितच आढळते, विक्राळ पेशींच्या शेजारी साध्या पेशी नांदत असतात, ग्रंथीचा मूळ आराखडा शाबूत राहतो, सभोवारची ऊती गर्भधारणेस साजेशी भरदार होते, आणि स्त्री बहुधा प्रजननक्षम वयाची असते; कर्करोग भोवतालच्या ऊतीत घुसतो आणि प्रायः पाळी गेल्यानंतरच्या वयात गाठतो.

हा मनुष्य प्रयोगशाळेतच रमला असेल असे वाटावे, तर तो पेरूचे राष्ट्राध्यक्ष बेलाउंदे यांच्या मंत्रिमंडळात १९६० च्या दशकात दोनदा आरोग्यमंत्री झाला, मधल्या काळात अँडीज पर्वतातील रहिवाशांच्या मानेतील कॅरोटिड पिंड विरळ हवेमुळे मोठे होतात हे त्याने दाखविले, आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात पेरूने समेटाचा मसुदा पुढे केला तेव्हा परराष्ट्रखात्याची सूत्रे त्याच्याच हाती होती. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींवरून दरम्यान बराच वाद झाला. त्या ग्रीवेच्या ग्रंथींत, गर्भनलिकेत, इतकेच काय, संप्रेरकांच्या औषधांनंतर गर्भधारणेवाचूनही सापडल्या. तेव्हा २००२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, तथ्ये कोणती आणि कल्पना कोणत्या याचा झाडा घेणारा निबंध त्याने स्वतःच लिहिला. आपल्या शोधाची अशी फेरतपासणी करणारे विरळा. २०२० साली तो निवर्तला.

विदर्भातील गोंदिया जिल्ह्याशी या पेशींचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी नकाशा पाहावा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव येथून आजारी बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी आणणे हेच एक दिव्य आहे. बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय शहरात आहेच, आणि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. अंगावरून जाते म्हणून आलेल्या बाईचा तुकडा तपासायला जातो, तेव्हा काचेवरील विक्राळ पेशी कर्करोग ठरल्या, तर अकारण पिशवी गमावण्याची पाळी येते. उलट त्या ओळखता आल्या, परंतु तुकड्यात गर्भावरणाचे झुपके कोठेच नसले, तर गर्भ नळीत रुजला असण्याची शंका घेणे भाग आहे. पडून गेलेल्या गर्भानंतरही हेच चित्र दिसते, म्हणून रक्तातील एचसीजी हे गर्भधारणेचे संप्रेरक आणि सोनोग्राफी यांनी शहानिशा करावी लागते.

यास्तव तपासणीच्या चिठ्ठीवरील शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्यांची नावे हे रकाने मला रंगद्रव्यांइतकेच महत्त्वाचे वाटतात. ते भरूनच तुकडा रवाना झाला पाहिजे, आणि झुपके सापडले नाहीत, तर अहवालावर सही-शिक्का होण्याची वाट न पाहता, बाई देवरीच्या बसमध्ये बसण्यापूर्वी वॉर्डात दूरध्वनी गेला पाहिजे.