सगळं दान केलं, तरी शून्य? एका वचनातले दोन ग्रीक शब्द

आज एकच वचन घेऊ. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १३, वचन ३. इ.स. ५५ च्या आसपासचं. आशय असा: माझ्याजवळचं सगळं गरिबांना खाऊ घातलं, पण प्रीती नसली, तर मला काहीच लाभ नाही.

आता गंमत बघा. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलमध्ये या ‘प्रीती’च्या जागी ‘चॅरिटी’ आहे. म्हणजे सगळं देऊन टाकलं, तरी चॅरिटी नाही! असं कसं?

मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’. लॅटिनमध्ये त्याचं ‘कारितास’ झालं आणि त्यातून चॅरिटी. त्या काळी चॅरिटीत प्रेमही यायचं. पुढे तो शब्द आकसून दानधर्मापुरता उरला. म्हणून १८८१ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत ‘लव्ह’ आलं.

रील्समध्ये सांगतात, अगापे म्हणजे फक्त देवाचं निःस्वार्थ प्रेम. तसं नाहीये. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अम्नोनाला तामारेबद्दल जी वासना होती, तिलाही हाच शब्द आहे. कोड वाचताना व्हेरिएबलच्या नावावर जाऊन चालत नाही, तो कुठे कसा वापरलाय ते बघावं लागतं. इथेही तसंच. पौल पुढच्याच वचनांत अर्थ सांगतो: धीर धरणं, दया करणं, फुशारकी न मारणं. ग्रीकमध्ये ही सगळी क्रियापदं आहेत.

दुसरा शब्द ‘प्सोमिझो’, म्हणजे घास भरवणं. ‘प्सोमिऑन’ म्हणजे घास. आजही ग्रीक माणूस भाकरी-पावाला ‘प्सोमी’ म्हणतो. नव्या करारात हे क्रियापद आणखी एकदाच येतं, रोमकरांस पत्र १२:२० मध्ये: शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल.

म्हणजे पौल दानाला नावं ठेवत नाहीये. तो म्हणतो, हात पुढे झाला, घासही दिला, तरी आत कोरडं असू शकतं.

आपल्या नगरला हे नवं नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ मध्ये आलं, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच सुरू झालं. आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते केडगावात. आपल्या नगरजवळचं नाही बरं का, दौंड तालुक्यातलं. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दुष्काळातल्या उपाशी मुलींना घरी आणून जेवू घालणारी बाई हे वचन मराठीत लिहीत होती. घास म्हणजे काय, हे तिला डिक्शनरीत बघावं लागलं नसणार.

आपण यूपीआयवरून मदत पाठवतो, स्क्रीनशॉट स्टेटसला लावतो. पैसे जरूर पाठवा, समोरच्याचं पोट त्यानेच भरतं. फक्त स्टेटस लावायच्या आधी एकदा विचारा: ज्याला पाठवले, तो आता कसा आहे, हे मला माहितीये का?

भेटू पुढच्या भागात!