रेशीमकीटकांचे घर : बांधणीचा खर्च आणि उबेचा हिशेब

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा ही 2007 पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी ती बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाली आणि आज तेथे संगणक कंपन्यांच्या इमारती व बहुमजली वसाहती दाटल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत या भागातील रात्रीचे तापमान साधारणतः 15-16 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. एवढ्या थंडीत माणसाला घर तापवावे लागत नाही. आंघोळीचे पाणी तापले की भागते. मात्र येथून आणखी पूर्वेस होसकोटे-कोलारकडे किंवा उत्तरेस शिडलघट्ट्याकडे गेल्यास तुतीचे मळे लागतात. तेथे हिवाळ्याच्या रात्री घरे तापवावी लागतात, ती रेशीमकीटकांची.

पूर्वी या भागात कीटकांसाठी वेगळे घर नसे. माजघरात बांबूची तट्टे रचलेली, ओसरीवर कोष विणण्याच्या चंद्रिका टेकवलेल्या आणि त्यांच्यामधून घरातील माणसांचा वावर, असे दृश्य सर्रास दिसे. चुलीची आणि माणसांची ऊब कीटकांना फुकट मिळे. परंतु राहत्या घराचे निर्जंतुकीकरण नीट होत नाही. 0.3 टक्के चुन्याच्या निवळीत 2 टक्के ब्लीचिंग पावडर मिसळून भिंती, जमीन व रॅक धुवायचे, तर स्वयंपाकघर कोठे हलवणार? एका पिकातील रोग दुसऱ्या पिकात जाई. फांदी पद्धत रुळली तशी जागाही अधिक लागू लागली आणि स्वतंत्र संगोपनगृह अपरिहार्य ठरले. आता ते बांधण्यासाठी लागणारा गवंडी आणि सिमेंट-लोखंड यांसाठी शेतकऱ्याची स्पर्धा शहरातील बांधकामांशी असते. मराठवाड्यातील रेशीम उत्पादकांची अडचणही वेगळी नाही. थंडी मात्र तेथे अधिक कडक आहे. काही रात्री पारा 10 अंशांखाली जातो.

खर्च वाढला की पहिली कात्री छतावर चालते. पत्रा स्वस्त आणि झटपट होतो. पण बांधताना वाचलेला पैसा दर हिवाळ्यात इंधनातून जातो. ढोबळ हिशेब असा : 50 फूट लांब व 20 फूट रुंद गृहाचे छत सुमारे 93 चौरस मीटर भरते. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा 10 अंशांनी अधिक राखायचे असल्यास उघड्या पत्र्यातूनच जवळपास 6 किलोवॅट उष्णता सतत निसटते. दहा तासांच्या रात्रीत ही 60 युनिट वीज झाली. भिंती आणि फटी यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. शिवाय पाला व अळ्यांपासून निघालेली दमट हवा थंड पत्र्याला लागून ठिबकते, बिछाना ओला होतो आणि पांढऱ्या मस्कार्डिन रोगास अनुकूल स्थिती निर्माण होते. या रोगाची बुरशी म्हणजे बिव्हेरिया बॅसियाना, जी अन्य पिकांत कीडनियंत्रणासाठी बाटलीतून विकत आणली जाते. तुतीच्या आसपास तिची फवारणी कटाक्षाने टाळावी.

उपाय खर्चिक नाही. पत्र्याखाली दीड-दोन फुटांवर गोणपाटाचे किंवा चटयांचे आढे-छत बांधावे. वर उसाचे पाचट अथवा नारळाच्या झावळ्या अंथरल्यास उन्हाळ्यातही उपयोग होतो. आगीची व उंदरांची काळजी मात्र घ्यावी लागते.

भिंतींबाबत बंगळूरकडे एक जुना अनुभव आहे. भारतीय विज्ञान संस्थेत 1974 मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा गट सुरू झाला आणि त्याने दाबयंत्रावर तयार होणाऱ्या मातीच्या ठोकळ्यांवर दीर्घकाळ काम केले. मातीत थोडे सिमेंट मिसळून, दाबून, भिजवून पक्का केलेला हा ठोकळा भट्टीत भाजावा लागत नाही. इंधनाचा खर्च तेथेच वाचतो. कोलार भागातील तांबड्या, वाळूमिश्रित मातीला ही पद्धत मानवते. मराठवाड्याच्या काळ्या मातीत ती जशीच्या तशी उचलू नये. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. तेथे मुरूम व वाळू मिसळून, गरजेनुसार चुना घालून आधी चाचणीचे ठोकळे पाडावेत. आतील बाजूस गुळगुळीत गिलावा हवाच, अन्यथा फटींत रोगजंतू आणि मुंग्या घर करतात.

तरीही सर्वांत मोठी बचत संपूर्ण गृह न तापवण्यात आहे. कीटकाच्या बालपणी 27-28 अंश तापमान व 85 ते 90 टक्के आर्द्रता लागते. प्रौढ अवस्थेत 24-25 अंश पुरतात आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास उतरवावी लागते. अधिक ऊब ज्या वयात लागते, त्या वयात जागा अगदी थोडी लागते. शंभर अंडीपुंजांच्या अळ्या दुसऱ्या अवस्थेच्या अखेरीस सुमारे 45 चौरस फुटांत मावतात. त्यांच्यासाठी 1000 चौरस फूट तापवणे म्हणजे कपभर चहासाठी हंडाभर पाणी उकळणे होय. दहा-बारा फुटांची बंदिस्त खोली पुरते. किंवा चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणाव्यात. अनेक शेतकऱ्यांनी मिळून असे केंद्र चालवल्यास उबेचा खर्च वाटला जातो.

प्रौढ कीटकांच्या गृहाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. हिवाळ्यात दुपारी खिडक्या उघडून उन्हाची ऊब आत घ्यावी व सूर्यास्तापूर्वी त्या बंद कराव्यात. लोणारी कोळशाची शेगडी बाहेर पेटवून, धूर पूर्ण गेल्यावरच आत न्यावी. निखारा धुराविनाही कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसतो. म्हणून वरची झरोके किंचित उघडी ठेवावीत आणि शेगडी असलेल्या खोलीत कोणीही झोपू नये.

एका ठिकाणी मात्र काटकसर महागात पडते : खिडक्यांची जाळी. उझी माशी 1980 मध्ये पश्चिम बंगालमधून कर्नाटकात शिरली व तेथेच स्थिरावली. ती अळीच्या अंगावर अंडे घालते. आतील किडा पोसून बाहेर पडताना कोषाला भोक पाडतो आणि तो कोष धागा काढण्यास निरुपयोगी ठरतो. नायलॉनची जाळी खिडक्यांना, झरोक्यांना आणि दारालाही लावावी. दारापुढे छोटी पडवी करून दुसरे जाळीदार दार बसवल्यास पाल्याच्या मोळीबरोबर माशी आत येण्याची शक्यता कमी होते.