निनावी थडग्यातील गोलरक्षक

इंग्लंडातील डॉनकॅस्टर शहरानजीक एडलिंग्टन नावाचे, एके काळी कोळशाच्या खाणीचे असलेले, गाव आहे. तेथील दफनभूमीत डिसेंबर १९३० मध्ये एका वृद्ध खाणकामगाराला मूठमाती देण्यात आली. थडग्यावर नाव कोरलेला दगड बसला नाही. हा कामगार म्हणजे आर्थर व्हार्टन. जगातील पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू म्हणून आज त्याची गणना होते.

व्हार्टनचा जन्म १८६५ साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अक्रा येथे झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, तर आई तेथल्या फांटी राजकुळातील. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे या हेतूने त्याला इंग्लंडात शिकावयास पाठविले. पण त्याचे मन ग्रंथांपेक्षा मैदानात रमले. १८८६ साली लंडन येथे राष्ट्रीय स्पर्धेत त्याने शंभर यार्डांची शर्यत १० सेकंदांत जिंकली आणि पुढच्या वर्षी ते विजेतेपद राखले.

फुटबॉलमध्ये त्याने गोलरक्षकाची जागा पत्करली. त्या काळी हे काम सुखाचे नव्हते. हाती चेंडू असो वा नसो, प्रतिपक्षाचे गडी गोलरक्षकाला खांद्याने धडक देऊन खुशाल आडवे करीत. अशा धकाधकीत व्हार्टनची चपळाई उठून दिसे. गोलाच्या आडव्या दांडीला लोंबकळून दोन्ही पायांत चेंडू पकडण्याची त्याची करामत पाहावयास लोक मुद्दाम येत. प्रेस्टन नॉर्थ एंड या नामांकित संघातर्फे तो १८८७ साली एफ. ए. चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढे धावण्याच्या नादाने त्याने तो संघ सोडला. आणि १८८८-८९ च्या हंगामात त्याच संघाने लीग व चषक दोन्ही जिंकले! दैवाची ही थट्टा म्हणावी, की माणसाच्या उतावीळपणाचे फळ?

खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास इंग्लंडात १८८५ साली मान्यता मिळाली होती. तरी पैसे घेऊन खेळणारा कमी प्रतीचा, ही उच्चभ्रूंची समजूत काही गेली नव्हती. ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांनाच ती परवडत असे. व्हार्टन १८८९ साली रॉदरहॅम टाउनकडे वेतनावर खेळू लागला. १८९४ साली शेफील्ड युनायटेडने त्याला घेतले खरे, परंतु तेथे विल्यम फोक हा विशीतला धिप्पाड गोलरक्षक उदयास येत होता. व्हार्टनच्या वाट्याला पहिल्या श्रेणीचे सामने मोजकेच आले. नंतर स्टॅलीब्रिज, ॲश्टन असे लहान लहान संघ फिरत त्याने १९०२ साली स्टॉकपोर्ट काउंटीकडे खेळ थांबविला.

पुढे काय? वेतन खेळापुरते होते आणि गुडघे थकल्यावर ते संपले. निवृत्तिवेतनाची सोय नव्हती. एके काळी सेकंदांशी झुंजणारा हा धावपटू अखेर भूगर्भातील अंधारात कोळसा उपसू लागला. पासष्टाव्या वर्षी तो वारला, आणि त्याचे नावही विस्मृतीत गेले.

शेफील्डमधील वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्यांच्या खटपटीने १९९७ साली त्या थडग्यावर दगड बसला. २०१४ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, सेंट जॉर्जेस पार्क येथे, त्याचा पुतळा उभारला गेला. उंच झेप घेऊन दांडीवरून चेंडू बाहेर लोटणाऱ्या पवित्र्यात तो घडविलेला आहे.