आधी ठिकाण सांगा
(अडीनडीला : लेखांक ६)

मागच्या लेखांकात प्रथमोपचाराची पेटी पाहिली. आज फोन. १०८ हा आकडा आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. अडतं ते पलीकडून फोन उचलल्यानंतर.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटर, डीफिब्रिलेटर अशी जादा सामग्री, बाकीच्या ७०४ साध्या. गाडीबरोबर डॉक्टर येतो आणि चालकाला तिथे ‘पायलट’ म्हणतात. फोन सावंतवाडीहून करा की भामरागडहून, तो लागतो पुण्याच्या नियंत्रण कक्षात. म्हणजे बोलणाऱ्याला तुमचं गाव ठाऊक असेलच असं नाही. ‘लवकर या, मारुतीच्या देवळासमोर!’ असं ओरडून आपण फोन ठेवतो. मारुतीचं देऊळ नाही असं गाव दाखवा पाहू. नुसतं ‘वडगाव’ म्हणूनही भागत नाही. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आहेत. पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव हरेश्वर जळगावात.

म्हणून पहिलं वाक्य ठिकाणाचं: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, मग देऊळ किंवा शाळा. मोबाइलवरून जागा आपोआप कळते यावर विसंबू नका. टॉवरवरून काढलेला अंदाज डोंगराळ मुलखात बराच चुकतो. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड बघा आणि गाडी कोणत्या दिशेच्या मार्गिकेत आहे तेही सांगा. द्रुतगती मार्गावर पलीकडच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला दुभाजक ओलांडता येत नाही.

मग प्रश्न येतात: किती जण, शुद्धीवर आहेत का, श्वास चालतोय का? इथे माणसं चिडतात, ‘चौकशा कसल्या करताय, गाडी पाठवा!’ पण कोणती गाडी पाठवायची हे याच उत्तरांवर ठरतं. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका. ठेवल्यावर तो मोकळा राहू द्या. वाट विचारायला पायलट त्याच नंबरवर फोन करतो आणि नेमका तेव्हा तो मामा-मावश्यांना बातमी देण्यात गुंतलेला असतो. नातेवाइकांसाठी दुसऱ्याचा फोन वापरा.

पोलीस, आग किंवा काहीच सुचत नसेल तर ११२. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२, मोफत. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट अनेकदा दाबलं गेलं तरी आपत्कालीन फोन लागतो. तसा चुकून लागलाच तर घाबरून कापू नका. ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढं सांगा, नाहीतर तुमचा ठावठिकाणा काढण्यात तिथल्या माणसाचा वेळ जातो. मुद्दाम खोटी खबर देणाऱ्याला मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटला घरी सोडायला किंवा ठरलेल्या तपासणीला जायला १०८ नाही. हे सांगायलाच हवं, पण माझ्या मते आपल्याकडे गैरवापराहून संकोचाने जास्त घात होतो. छातीत कळ आली की ‘गॅस असेल, सकाळी बघू’. तोंड वाकडं झालं की ‘वारं लागलं असेल’. अशा वेळी खात्री करत बसू नका, फोन लावा. अपघात बघून पुढे निघून जाणाऱ्यांना कोर्टकचेरीची धास्ती असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए नुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

आज एक काम करा. घराचा पत्ता जिल्ह्यापासून खुणेपर्यंत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा आणि घरातल्या मुलांकडून व आजीकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्या.

(पुढील आठवड्यात : साप चावल्यावर, गाडी येईपर्यंत)